डायलिसिसवरील मातृत्व : बारा तासांपासून छत्तीस तासांपर्यंत

झाशी शहराचे रेल्वेमार्गाने दोन भाग केले आहेत. एका बाजूला किल्ला आणि जुने शहर, तर दुसऱ्या बाजूला सीपरी बाजार. आजच्या शिवपुरीचे जुने नाव सिप्री. त्या नावाची आठवण या बाजारपेठेने अजून जपली आहे. दुकाने, रेल्वे कर्मचाऱ्यांची घरे आणि दाट लोकवस्ती असलेल्या या भागातील एखाद्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या स्त्रीचे उदाहरण क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, ती डायलिसिस घेते. पाळी कित्येक महिने अनियमितच असल्याने ती चुकल्याचे तिच्या लक्षात येत नाही. मळमळ, थकवा ही लक्षणे तिला नेहमीचीच. एके दिवशी पोटाची सोनोग्राफी होते आणि तिला दिवस गेले असल्याचे कळते. घरात आनंद आणि भीती एकाच वेळी शिरतात.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातून उभे राहणारे प्रश्न खरे आहेत. हे बाळ वाढू शकेल काय? आईच्या जिवाला धोका किती? आणि आठवड्याला बारा तास चालणारे यंत्र दोन जिवांना पुरेल काय? काही दशकांपूर्वी या प्रश्नांना वैद्यकशास्त्राचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थीच असे. आज ते तसे राहिलेले नाही. मात्र होकारार्थी उत्तरासाठी ज्या अटी पाळाव्या लागतात, त्या मोठ्या शहरांबाहेर कशा पुऱ्या करायच्या, हा आरोग्यनियोजनाचा प्रश्न आहे.

मूत्रपिंडे आणि गर्भावस्था

निरोगी मूत्रपिंडे आठवड्यातील १६८ तास अखंड काम करतात. युरिया, क्रिएटिनिन यांसारखी त्याज्य द्रव्ये बाहेर टाकणे, पाणी व क्षार यांचा समतोल राखणे, रक्तदाबाचे नियमन करणे आणि तांबड्या रक्तपेशी तयार होण्यास आवश्यक असे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक निर्माण करणे, ही त्यांची प्रमुख कामे. गर्भावस्थेत त्यांचा गाळण्याचा वेग साधारण दीडपट होतो. गर्भाने निर्माण केलेली त्याज्य द्रव्येही वारेतून आईच्याच रक्तात येतात आणि तिच्याच मूत्रपिंडांनी ती बाहेर टाकायची असतात.

ज्या स्त्रीची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, तिच्याबाबतीत हा वाढीव भार उचलणारे कोणीच नसते. आठवड्याला बारा तासांचे डायलिसिस तिला स्वतःला जगवण्यापुरते असते. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात युरिया साठत जातो, अंगात पाणी साचते, रक्तदाब चढतो आणि यंत्रावर बसल्यावर हे सर्व चार तासांत झपाट्याने खाली आणले जाते. या चढउताराचा जाच वाढत्या गर्भाला सोसवत नाही.

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर संप्रेरकांचे चक्र विस्कळीत होते. प्रोलॅक्टिनचे प्रमाण वाढते, अनेक महिन्यांत बीजनिर्मितीच होत नाही, रक्तक्षयही असतो. त्यामुळे डायलिसिसवरील स्त्रियांत गर्भधारणा क्वचित होते. परंतु क्वचित म्हणजे कधीच नाही, असे नव्हे. ‘आता मूल होणे शक्य नाही’ हा समज रुग्ण, कुटुंबीय आणि कधीकधी उपचार करणारेही धरून बसतात. त्याचे दोन दुष्परिणाम होतात. मूल नको असणारी स्त्री गर्भनिरोधनाविना राहते, आणि गर्भ राहिल्यास तो उशिरा लक्षात येतो. तोपर्यंत सुरुवातीचे मोलाचे आठवडे हातचे गेलेले असतात.

अर्धशतकाचा प्रवास

नेदरलँड्समध्ये १९४३ साली विलेम कोल्फ यांनी पहिले उपयुक्त डायलिसिस यंत्र वापरात आणले. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिन्यांना कायम जोडता येईल अशी नळी तयार केली आणि मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णांना वर्षानुवर्षे डायलिसिसवर जगवणे शक्य झाले. डायलिसिस सुरू असताना गर्भ राहून त्याच अवस्थेत यशस्वी प्रसूती झाल्याची पहिली नोंद १९७१ सालची, इटलीतील आहे.

तरीही चित्र आशादायक नव्हते. १९८० साली युरोपातील नोंदींचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ११५ गर्भधारणांची माहिती होती. ज्या स्त्रियांनी स्वेच्छेने गर्भपात करून घेतला नव्हता, त्यांच्यापैकी केवळ सुमारे २३ टक्के जणींच्या पदरात जिवंत बाळ आले. त्यानंतरच्या वर्षांत कृत्रिम एरिथ्रोपोएटिन उपलब्ध झाले, यंत्रे सुधारली, अपुऱ्या दिवसांच्या बाळांची शुश्रूषा प्रगत झाली. पण सर्वांत मोठा फरक पडला तो एका साध्या वाटणाऱ्या बदलाने. तो म्हणजे डायलिसिसचे तास वाढवणे.

कॅनडातील टोरांटो येथे रात्रभर झोपेत डायलिसिस घेणाऱ्या स्त्रियांची गर्भावस्था अधिक सुरळीत पार पडते, असे आढळून आले. २०१४ साली कॅनडा आणि अमेरिका येथील नोंदींची तुलना प्रसिद्ध झाली. त्यानुसार आठवड्याला २० किंवा त्याहून कमी तास डायलिसिस मिळालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के जणींना जिवंत बाळ झाले. ३६ तासांहून अधिक डायलिसिस मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ८५ टक्के होते. कॅनडातील गटाच्या गर्भावस्था साधारण ३६ आठवड्यांपर्यंत टिकल्या, तर अमेरिकेतील गटाच्या साधारण २७ आठवड्यांपर्यंत. या अभ्यासांतील स्त्रियांची संख्या मोठी नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि ब्राझील, जपान, इटली अशा निरनिराळ्या देशांतील अनुभवही त्याच दिशेचे आहेत.

तास का महत्त्वाचे?

रक्तात युरिया जास्त असला की तो वारेतून गर्भाच्या रक्तात जातो. गर्भाची मूत्रपिंडे मात्र निरोगी असतात. ती हा युरिया लघवीवाटे बाहेर टाकू लागतात आणि युरिया आपल्याबरोबर पाणीही ओढून नेतो. गर्भाची लघवी म्हणजेच गर्भजलाचा मोठा भाग. परिणामी गर्भजल प्रमाणाबाहेर वाढते, गर्भाशय ताणले जाते आणि अकाली कळा सुरू होतात. डायलिसिसवरील स्त्रियांची प्रसूती वेळेआधी होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणूनच अचानक वाढलेले गर्भजल हा डायलिसिस अपुरे पडत असल्याचा इशारा समजला जातो.

दुसरे कारण रक्तप्रवाहाचे. तीन लिटर पाणी चार तासांत काढले तर रक्तदाब एकदम उतरू शकतो. त्या क्षणी गर्भाशयाकडे जाणारे रक्त कमी होते. तेच काम सहा दिवसांत, रोज थोडे थोडे केले तर हा धक्का बसत नाही. जपानमधील २००९ सालच्या एका अभ्यासात रक्तातील युरिया नायट्रोजनचे प्रमाण दर डेसिलिटरला ४८ मिलिग्रॅमच्या आत राहिलेल्या मातांची बाळे अधिक वजनाची व अधिक दिवसांची असल्याचे दिसले. आपल्याकडील प्रयोगशाळा बहुधा ‘युरिया’ हा आकडा देतात. त्या मापाने ही मर्यादा साधारण १०० मिलिग्रॅम एवढी होते. अनेक तज्ज्ञ याहूनही कमी पातळीचे लक्ष्य ठेवतात.

यास एक पोटनियम आहे. ज्या स्त्रीला अद्याप बऱ्यापैकी लघवी होते, तिच्या मूत्रपिंडांत काही शक्ती शिल्लक असते. तिला तुलनेने कमी तास पुरू शकतात. त्यामुळे ‘छत्तीस तास’ हा सरसकट लावण्याचा आकडा नसून ज्यांची लघवी पूर्णतः थांबली आहे, अशा स्त्रियांसाठीचे ते ध्येय आहे. तासांची निश्चिती दर आठवड्याच्या तपासण्या पाहून करावी लागते.

निदान आणि निर्णय

मूत्रपिंडे निकामी असताना गर्भनिदानाची रक्ततपासणी फसवी ठरू शकते, कारण संबंधित संप्रेरक शरीरातून नीट बाहेर पडत नाही आणि गर्भ नसतानाही त्याचे प्रमाण वाढलेले दिसू शकते. ज्यांना लघवीच होत नाही, त्यांच्यासाठी घरगुती चाचणीचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून शंका येताच सोनोग्राफी करणे, हाच खात्रीचा मार्ग होय. डायलिसिस केंद्रातील परिचारिकेने पाळीच्या तारखेची नोंद रक्तदाबाच्या नोंदीशेजारी ठेवली, तरी या विलंबाला पुष्कळ आळा बसेल.

निदानानंतर निर्णयाची वेळ येते. गर्भावस्था पुढे न्यायची असेल तर वाढीव डायलिसिस, वारंवार तपासण्या आणि रक्तदाबाचा धोका यांची स्पष्ट कल्पना स्त्रीला दिली पाहिजे. गर्भावस्था नको असेल, किंवा तिच्या जिवाला धोका असेल, तर १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि त्यातील २०२१ ची सुधारणा तिच्या बाजूने आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते; विहित प्रवर्गांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीच्या अथवा सासरच्या मंडळींच्या संमतीची अट कायद्यात नाही.

तिसरा मार्ग थांबण्याचा. मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाल्यावर स्त्रीची प्रजननक्षमता बरीचशी पूर्ववत होते आणि त्यानंतरची गर्भावस्था डायलिसिसवरील गर्भावस्थेपेक्षा सुरक्षित असते. प्रत्यारोपणानंतर किमान एक वर्ष थांबण्याचा आणि गर्भाला अपायकारक औषधे आधीच बदलून घेण्याचा सल्ला दिला जातो. ज्या स्त्रीला दाता उपलब्ध आहे आणि वय हाताशी आहे, तिने हा मार्ग आधी विचारात घेणे शहाणपणाचे. दुर्दैवाने आपल्या देशात स्त्रिया मूत्रपिंड देण्यात पुढे आणि मिळण्यात मागे आहेत. त्यामुळे हा मार्ग अनेकींसाठी कागदावरच राहतो.

निर्णय कोणताही असो, तो तिचा असावा. मूल हवेच असा आग्रह धरणारे घर आणि मूल होऊच शकत नाही असे ठामपणे सांगणारा दवाखाना, या दोहोंच्या कचाट्यात तिचा आवाज हरवता कामा नये.

डायलिसिसची फेरआखणी

गर्भ ठेवण्याचे ठरल्यावर डायलिसिस आठवड्यातून पाच ते सहा दिवस, शक्यतो दीर्घकाळ आणि संथ गतीने सुरू करावे लागते. केवळ तास वाढवून भागत नाही. डायलिसिसच्या द्रावणातही बदल करावे लागतात. रोजच्या डायलिसिसमुळे पोटॅशियम व फॉस्फरस जास्त प्रमाणात निघून जातात, म्हणून द्रावणातील पोटॅशियमचे प्रमाण वाढवले जाते आणि फॉस्फरस प्रसंगी बाहेरून पुरवावा लागतो. गर्भावस्थेत रक्तातील बायकार्बोनेट स्वभावतःच कमी असते. नेहमीचे द्रावण रोज वापरल्यास ते नको इतके वाढते. कॅल्शियमवरही लक्ष ठेवावे लागते, कारण गर्भाची हाडे त्यावरच घडत असतात. रक्त गोठू नये म्हणून वापरले जाणारे हिपॅरिन वार ओलांडून जात नाही, त्यामुळे ते वापरता येते.

सर्वांत कौशल्याचे काम ‘कोरडे वजन’ ठरवण्याचे. डायलिसिसनंतर रुग्णाचे वजन किती असावे, हे एरवी ठरलेले असते. गर्भवतीचे वजन मात्र दुसऱ्या तिमाहीपासून दर आठवड्याला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम वाढायलाच हवे. जुन्याच वजनावर आणण्याच्या नादात बाळाच्या वाट्याचे पाणी काढले जाते. उलट सैल सोडल्यास आईच्या फुफ्फुसात पाणी साचते. पायावरची सूज, रक्तदाब आणि गर्भाची सोनोग्राफीतील वाढ पाहून हे वजन दर आठवड्याला नव्याने ठरवावे लागते. झाशीच्या ज्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेथे तहान आवरणे ही रुग्णाची रोजचीच परीक्षा असते. रोजच्या डायलिसिसमुळे पाण्याचे बंधन काहीसे सैल होते, हाही एक दिलासा.

ओटीपोटातील आवरणाचा गाळणीसारखा उपयोग करणाऱ्या पेरिटोनियल डायलिसिसवर असतानाही गर्भावस्था पार पडू शकते. वाढत्या गर्भाशयामुळे पोटात द्रावणाला जागा उरत नाही, म्हणून दर वेळी थोडे द्रावण अधिक वेळा भरावे लागते आणि गरज पडल्यास यंत्रावरील डायलिसिसची जोड द्यावी लागते.

औषधे, रक्त आणि आहार

रक्तदाबाची व मूत्रपिंडरक्षणाची काही प्रचलित औषधे, म्हणजे ‘प्रिल’ व ‘सार्टन’ या शेवटांची नावे असलेली, गर्भाला घातक असतात. गर्भ राहिल्याचे कळताच डॉक्टरांच्या सल्ल्याने ती बदलून मिथिलडोपा, लॅबेटॅलॉल, निफेडिपिन यांपैकी औषधे दिली जातात. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन आणि कोलेस्टेरॉलची औषधेही टाळली जातात. प्री-एक्लॅम्पसियाचा धोका कमी करण्यासाठी पहिली तिमाही संपण्याच्या सुमारास अल्प मात्रेतील अॅस्पिरिन सुरू करण्याची पद्धत आहे. यांपैकी कोणतेही औषध स्वतःच्या मनाने सुरू वा बंद करू नये.

हिमोग्लोबिन १० ते ११ ग्रॅमच्या दरम्यान राखण्यासाठी एरिथ्रोपोएटिनची मात्रा बऱ्याचदा दीडपट ते दुप्पट करावी लागते आणि लोह शिरेतून द्यावे लागते. वारंवार रक्त चढवणे शक्यतो टाळले जाते, कारण त्यामुळे पुढील काळातील प्रत्यारोपण अवघड होऊ शकते. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे डायलिसिसमध्ये वाहून जातात; म्हणून फॉलिक अॅसिड एरवीपेक्षा जास्त, सामान्यतः ५ मिलिग्रॅम, दिले जाते.

आहाराच्या बाबतीत जुने पथ्य सोडावे लागते. डायलिसिसवरील रुग्णाला फळे, दूध, डाळी जपून खाण्याची सवय लावलेली असते. गर्भवतीला मात्र दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.५ ते १.८ ग्रॅम प्रथिने हवीत. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला ही गरज ७५ ते ९० ग्रॅमची होते. डाळ, हरभरे, दूध, पनीर, अंडी यांतून ती भागवता येते. रोजचे डायलिसिस ही मोकळीक देते. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना हा बदल समजावून सांगणे आवश्यक ठरते. नाहीतर पूर्वीच्या पथ्याचा कागद भिंतीवर तसाच राहतो आणि बाळ पोटात उपाशी राहते.

देखरेख आणि प्रसूती

अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास गर्भाच्या अवयवांची सविस्तर तपासणी होते. त्यानंतर गर्भाची वाढ, गर्भजल, नाळेतील रक्तप्रवाह आणि गर्भाशयमुखाची लांबी यांवर ठरावीक काळाने लक्ष ठेवले जाते. रक्तदाब वाढल्यास तो मूत्रपिंडविकाराचा, साचलेल्या पाण्याचा की प्री-एक्लॅम्पसियाचा, हे ओळखणे कठीण जाते. लघवीतील प्रथिनांची नेहमीची खूण येथे उपयोगी पडत नाही. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, रक्तातील प्लेटलेट घटणे वा यकृताच्या तपासण्या बिघडणे, ही लक्षणे दिसताच रुग्णालयात दाखल व्हावे लागते.

येथे एक सूचना प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर असावी अशी आहे. झटके येऊ नयेत म्हणून दिले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते. मूत्रपिंडे निकामी असलेल्या स्त्रीला त्याची नेहमीची मात्रा दिल्यास श्वास थांबण्याचा धोका असतो. मात्रा कमी करणे, रक्तातील पातळी मोजणे आणि मूत्रपिंडविकारतज्ज्ञाशी बोलणे, याला पर्याय नाही.

सर्व सुरळीत असल्यास ३७ आठवड्यांच्या सुमारास प्रसूतीचे नियोजन केले जाते. डायलिसिस हे सिझेरियनचे कारण नव्हे. ती शस्त्रक्रिया प्रसूतिशास्त्रीय कारणांसाठीच करावी. वेळेआधी प्रसूतीची चिन्हे दिसल्यास बाळाच्या फुफ्फुसांच्या परिपक्वतेसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली जातात.

जन्मतः बाळाच्या रक्तात आईइतकाच युरिया असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत तो बाहेर टाकताना बाळाला भरपूर लघवी होते आणि अंगातील पाणी कमी होऊ शकते. त्यामुळे पुऱ्या दिवसांच्या आणि धट्ट्याकट्ट्या दिसणाऱ्या बाळालाही नवजात विभागात काही काळ निरीक्षणाखाली ठेवणे इष्ट असते. स्तनपान बहुतेक वेळा शक्य असते. आईची औषधे तेवढी तपासून घ्यावी लागतात.

झाशीचे गणित

सीपरी बाजारातील त्या स्त्रीकडे पुन्हा वळू या. १९६८ साली स्थापन झालेले महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय कानपूर रस्त्यावर आहे. सीपरी बाजारातून तेथे जायचे तर रेल्वे ओलांडून शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. विशेष उपचारांसाठी लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत जायचे तर अंतर सुमारे ३०० किलोमीटर. अधूनमधून सल्ल्यासाठी हा प्रवास करता येतो. आठवड्यातून सहा दिवस करता येत नाही. म्हणजे डायलिसिस झाशीतच, आणि मार्गदर्शन दूरध्वनीवरून वा दूरसंचार-वैद्यकसेवेतून, अशी जोडणी करावी लागते.

आता खर्चाचा हिशेब पाहू. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. त्या भाषणात देशात दरवर्षी मूत्रपिंडे निकामी झालेल्या २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते आणि त्यामुळे ३.४ कोटी डायलिसिस-सत्रांची वाढीव मागणी निर्माण होते, असे सांगण्यात आले. एका सत्राचा खर्च सुमारे २,००० रुपये धरला होता. हे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले तर प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला वर्षाला साधारण १५५, म्हणजे आठवड्याला जवळपास तीन सत्रे येतात. या कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस आणले आणि गरीब कुटुंबांचा मोठा भार हलका केला, यात शंका नाही. परंतु गर्भवतीची गरज या त्रैराशिकात बसत नाही.

आठव्या आठवड्यात निदान झाले आणि ३६ व्या आठवड्यापर्यंत डायलिसिस वाढवायचे ठरले, तर २८ आठवडे होतात. नेहमीच्या पद्धतीने या काळात ८४ सत्रे लागली असती. आठवड्याला सहा धरल्यास १६८ लागतात. २०१६ च्या त्या दरानेच जादा ८४ सत्रांचा खर्च १ लाख ६८ हजार रुपये होतो. शिवाय चार तासांची सहा सत्रे म्हणजे २४ तासच. छत्तीस तास गाठायचे तर प्रत्येक सत्र सहा तासांचे हवे. एका गर्भवतीला छत्तीस तास देणे म्हणजे तीन सामान्य रुग्णांचा यंत्रवेळ तिला देणे होय. जेथे यंत्रांसमोर आधीच रांग आहे, तेथे हा प्रश्न केंद्रप्रमुखाच्या दयाबुद्धीवर सोडून चालणार नाही. त्यासाठी लेखी नियम हवा.

उपाय अशक्यप्राय नाहीत. एका जिल्ह्यात अशा गर्भवतींची संख्या कोणत्याही वेळी अत्यल्पच असणार. त्यामुळे ‘गर्भवतीस वाढीव सत्रे अनुज्ञेय’ अशी तरतूद केल्यास तिजोरीवर पडणारा बोजा मर्यादित राहील. रात्रपाळीत यंत्रे मोकळी असतील तेथे दीर्घ व संथ डायलिसिस देता येईल. २०१९ साली राष्ट्रीय कार्यक्रमात पेरिटोनियल डायलिसिसचीही मार्गदर्शक तत्त्वे समाविष्ट झाली असून, केंद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी तो पर्याय आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि आजारी नवजाताचे उपचार विनामूल्य केले. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत होणाऱ्या तपासणीत जोखमीच्या गर्भवती वेगळ्या काढल्या जातात. या योजना निरनिराळ्या खिडक्यांवर उभ्या आहेत. डायलिसिसवरील गर्भवतीसाठी त्या एकाच कागदावर आल्या पाहिजेत.

या साखळीतील शेवटचा दुवा नवजात अतिदक्षता विभाग. अपुऱ्या दिवसांचे बाळ जगवायचे, तर ऊब, प्राणवायू आणि प्रशिक्षित परिचारिका यांच्याइतकीच वास्तूची सुरक्षितता महत्त्वाची असते. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील नवजात विभागाला आग लागली आणि त्या रात्री दहा अर्भके दगावली. ही घटना शहर विसरलेले नाही. आईच्या डायलिसिसवर सात महिने केलेली मेहनत बाळाच्या खाटेपाशी वाया जाऊ नये, यासाठी वीजजोडणी, अग्निशमन आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांची तपासणी हाही मातृसंगोपनाचाच भाग मानला पाहिजे.

प्रसूतीनंतर

बाळ घरी आल्यावर आईचे डायलिसिस थांबत नाही. ते हळूहळू आठवड्याला तीन वेळांवर आणले जाते. रक्तदाब पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा उसळी घेऊ शकतो. तिच्या अनुपस्थितीत बाळाला कोण सांभाळणार, हे प्रसूतीपूर्वीच ठरलेले असावे. पुढील गर्भधारणा टाळायची असल्यास इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांऐवजी केवळ प्रोजेस्टेरॉनवर आधारित साधने वा तांबी यांचा विचार डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा, कारण इस्ट्रोजेनमुळे रक्तदाब आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो.

प्रतिबंधाचा धागाही विसरता येणार नाही. प्रसूतीतील अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि असुरक्षित गर्भपात यांमुळे निरोगी स्त्रीची मूत्रपिंडे अचानक बंद पडतात आणि तिला प्रथमच डायलिसिसची पायरी चढावी लागते. काहींची मूत्रपिंडे पूर्ववत होतात, काहींची कायमची जातात. कायदेशीर गर्भपात आणि रुग्णालयातील प्रसूती यांचा प्रसार झाल्यावर भारतातील अशा रुग्णांचे प्रमाण घटले, हा अनुभव बोलका आहे. वेळेवर मोजलेला रक्तदाब आणि वेळेवर मिळालेले रक्त अनेक स्त्रियांना डायलिसिसच्या यंत्रापासून दूर ठेवू शकते.

ज्यांना ते टळले नाही, त्यांच्यासाठी वैद्यकशास्त्राने एक दार उघडले आहे. त्या दाराची किल्ली दुर्मिळ औषधात वा परदेशी तंत्रज्ञानात दडलेली नाही. यंत्र तेच आहे, ते चालवणारे हातही तेच आहेत. वाढवायचे आहेत ते तास. हे जादा तास महानगरातील रुग्णालयाप्रमाणेच सीपरी बाजारातील स्त्रीलाही हक्काने मिळाले, तर तिच्या घरचे डोहाळजेवण भीतीच्या सावटाखाली होणार नाही.